लॅबमधली जाडजूड कादंबरी

चार माणसं मिळून एकच पुस्तक वाचायला लागली, की पुस्तकात घडतं त्यापेक्षा जास्त पुस्तकाबाहेर घडायला लागतं. आमच्याकडे तर इतकं साठलंय, की कुणी सहज "काय गं वैशाली, कसा चाललाय तुमचा बुक क्लब?" विचारलं तरी कुठून सुरू करू, तेच मला कळत नाही.

कर्जतला स्टेशनपासून दहा मिनिटांवर माझी छोटी लॅब आहे. रक्त, लघवी, शुगर, थायरॉइड. रविवारी दुपारी ती बंद असते, पण वेटिंग रूममध्ये आठ खुर्च्या, एक पंखा आणि थंड पाण्याचा कूलर आहे. तेवढ्यावर आमचा क्लब उभा राहिला. मी, मराठीचे निवृत्त शिक्षक पाटील सर, चौक गावात हार्डवेअरचं दुकान चालवणारे हमीदभाई आणि खालापूरच्या सुमनताई. सुमनताईंनी तीस वर्षं अंगणवाडी चालवली आणि आता त्या घरी असतात. म्हणजे घरी असतात असं आपण म्हणायचं, त्या कुठेही असतात!

*

वर्षभर हलकीफुलकी पुस्तकं वाचून झाली. मग सर म्हणाले, "आता एखादी अभिजात कादंबरी घेऊ. चावायला दात लागतील अशी."

प्रत्येकाने एक नाव चिठ्ठीवर लिहायचं ठरलं. लॅबचे पाठकोरे फॉर्म फाडून मी चार चिठ्ठ्या केल्या, डब्यात टाकल्या, हलवल्या, उघडल्या.

चारही चिठ्ठ्यांवर एकच नाव! परदेशातली जुनी कादंबरी, मराठी अनुवाद, नऊशेच्या वर पानं. नाव मुद्दाम सांगत नाही. सांगितलं की समोरचा लगेच "आमची वाचून झालीय" म्हणतो, आणि बोलणं तिथेच संपतं.

आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो.

"मी आपलं शोभेला लिवलं," हमीदभाई हळूच म्हणाले. "मला वाटलं, तुमी सगळे नाय म्हणाल."

"मलाही तेच वाटलं होतं," मी म्हटलं.

"मला तर भाचीने नाव लिहून दिलं," सुमनताई म्हणाल्या. "म्हणाली, मावशे, हे टाक, लोक वचकतील."

आम्ही तिघांनी आशेने सरांकडे पाहिलं. सर घसा खाकरून म्हणाले, "ठराव एकमताने मंजूर!"

*

पहिल्या शंभर पानांत सत्तावीस माणसं. प्रत्येकाला तीन नावं. एक स्वतःचं, एक बापाच्या नावावरून, एक लाडाचं. तिसऱ्या रविवारी कळलं, की हमीदभाई ज्यांना दोन भाऊ समजत होते तो एकच माणूस होता.

सुमनताईंनी उपाय काढला. "अंगणवाडीत एका वर्षी चार साहिल आलेले. आमी काय केलं? शेंबडा साहिल, गोरा साहिल, मामाचा साहिल, रडका साहिल. झालं!"

मग आम्ही सगळ्यांचं बारसं केलं. मोठ्या कागदावर मार्करने यादी लिहिली आणि भिंतीवर चिकटवली. ती काढायची राहिली.

सोमवारी सकाळी कडावचे एक आजोबा शुगर तपासायला आले. मी सुई काढेपर्यंत ते भिंतीकडे बघत होते. तिथे लिहिलेलं: खोकणारा मामा, मयत. जमीनवाला, मयत. जमीनवाल्याची दुसरी, मयत. तोंडाळ काकू, आजारी, पुढच्या रविवारी बघू.

आजोबांनी शर्टाची बाही खाली केली. "बाय, तुझ्याकडं तपासलेली सगळीच जातात का गं?"

*

पुढे एकदा बुधवारी दुपारी हमीदभाईंचा फोन आला. आवाज अगदी भरून आलेला.

"ताई, ती गेली हो! मला वाटलं नवतं, अशी सोडून जाईल."

मी काही बोलायच्या आत मागून त्यांच्या बायकोचा, जुबेदाभाभींचा आवाज आला. "कोण गेली?"

फोन कट!

रविवारी भाभी स्वतः हजर. हाताची घडी घालून कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसल्या. सरांनी त्यांना सगळं नीट सांगितलं. ही कादंबरीतली बाई, हा तिचा नवरा, त्याला कामापुढे घर दिसत नाही, म्हणून ती एका पहाटे निघून जाते. भाभींनी तासभर ऐकून घेतलं. उठताना म्हणाल्या, "गेली ते बरं केलंन."

आणि हमीदभाईंकडे बघून, "जाण्याआधी तिने बरंच सांगून बघितलं असंल."

तेव्हापासून हमीदभाई आठाला दुकान बंद करतात. आधी दहा वाजायचे.

*

आठवड्याला चाळीस पानं असं आमचं ठरलेलं. सुमनताई कधीच थांबायच्या नाहीत. भाताच्या लावणीत आम्ही दोन रविवार सुट्टी घेतली, तर या बाई बांधावर बसून दीडशे पानं पुढे!

बरं, पुढे गेल्या तर गेल्या. पण बोलता बोलता म्हणायच्या, "तो मेल्यावर ती काकू जरा सुधारते ना..."

"कोण मेला?" आम्ही तिघं एकदम.

शेवटी सरांनी दंड ठरवला. पुढचं फोडलं, की पुढच्या रविवारी एक डबा कांदाभजी. सुमनताईंनी तो आनंदाने मान्य केला, तिथेच आम्हाला शंका यायला हवी होती.

एका रविवारी त्या आल्या त्या तीन कप्प्यांचा डबा घेऊन. अजून तोंडही उघडलं नव्हतं.

हमीदभाईंनी पुस्तक मांडीवर ठेवलं. "बाय, आधी एवढं सांग. आज किती जण मेले?"

"साथ आलीय," सुमनताई म्हणाल्या. "चटणी वेगळी आणलीय."

*

आणि हे शेवटचं.

हमीदभाई आठवीत असताना पाटील सर त्यांना मराठीला होते. एका तासाला सरांनी याच कादंबरीतला एक प्रसंग वर्गात सांगितला होता. लढाईवर निघालेल्या मुलाच्या पायात धड बूट नसतात. आई स्वतःच्या पायातले काढून त्याला देते, आणि घोडागाडी दिसेनाशी होईपर्यंत बर्फात अनवाणी उभी राहते.

"त्या दिवशी मी घरी जाऊन आईचे पाय बघितले," हमीदभाई आम्हाला म्हणाले होते. "तोवर कधी बघितलेच नवते."

हा प्रसंग त्यांनी चाळीस वर्षं बायकोला, मुलांना, गिऱ्हाइकांना सांगितला. चिठ्ठी शोभेला लिहिली म्हणाले, तरी हे नाव त्यांना सुचलं ते त्यातूनच. दर रविवारी विचारायचे, "सर, ती आई कधी येते?"

"येईल, येईल," सर म्हणायचे.

सहाशे पानं झाली, सातशे झाली. आई येईना.

एका मंगळवारी सकाळी सर उपाशीपोटी शुगर तपासायला आले. रक्त देऊन झालं, तरी हातावर कापूस दाबून बसून राहिले.

"वैशाली, माझी कादंबरी काल संपली."

"अरे वा, सर!"

"ती आई त्यात नाही."

मी सिरिंज खाली ठेवली.

"तेव्हा मी ती वाचलीच नव्हती गं. नुसतं नाव माहीत होतं. दुपारचा तास, पोरं पेंगत होती. रचून सांगितलं. म्हटलं, एवढं जाड पुस्तक, कोण बघायला जातंय! आणि हा पोरगा तेवढंच धरून बसला. आता काय तोंड दाखवू त्याला?"

मी त्यांना चहा दिला. बिनसाखरेचा. मी हमीदभाईंना यातलं अक्षर बोलले नाही, अगदी शपथेवर सांगते.

रविवारी सर इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले. चहाला हात लावला नाही. शेवटची पन्नास पानं उरली होती. पुस्तक न उघडताच म्हणाले, "वाचनाआधी मला तुम्हा सगळ्यांना एक सांगायचंय."

"सर, आधी माझं," हमीदभाई म्हणाले. "ती आई सापडली. पान सातशे अठरा."

आणि त्यांनी वाचायला सुरुवात केली. बूट, बर्फ, घोडागाडी. "आई हलली नाही. गाडी टेकडीआड गेली, चाकांचा आवाज विरला, तरी ती तिथेच होती. आत गेली तेव्हा बर्फावर तिच्या पावलांएवढी दोन काळी भोकं उरली होती."

मी माझ्या पुस्तकातलं पान सातशे अठरा काढलं. तिथे दोन माणसं गवताच्या गंजीवरून भांडत होती. सातशे सतरा पाहिलं, एकोणीस पाहिलं. समोर सुमनताईंचं बोट ओळींवरून फिरता फिरता थांबलं होतं. हमीदभाईंची नजर पुस्तकात होती, पण चांगलं दोन पानांएवढं वाचून झालं तरी त्यांनी पान उलटलं नव्हतं.

ते थांबले. सुमनताईंनी आपलं पुस्तक हळूच मिटलं.

"माझ्यात पण असंच हाय," त्या म्हणाल्या.

सरांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने बराच वेळ पुसला, पुन्हा घातला. हमीदभाई वाचताना कधी उभे राहिले होते ते आमच्या कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. छातीशी पुस्तक धरून ते तसेच उभे होते.

"शाब्बास," सर म्हणाले. "बस खाली."