बहिरूची भाकरी आणि हवेचा पाईप

बोरी बुद्रुकच्या बहिरू प्लंबरची काम तपासायची रीत जगावेगळी होती. नकाशावर ढाळ किती, पाईप किती इंची, हवेचा पाईप गच्चीवर किती उंच, हे सगळं तो नगरपालिकेच्या नियमाने काढायचाच. पण संडास बांधून झाला की वरून चार बादल्या ओतायला लावून स्वतः आत दार लावून बसायचा आणि फडक्यातली भाकरी सोडायचा. भाकरी गोड लागली तरच काम पास. बायको कपाळावर हात मारून घ्यायची.

१९९८ साली जुन्नरच्या रिखबचंद शेठकडे ही भाकरी अडली. शेठच्या आई उगमबाई सत्तरीपुढच्या. परसातल्या जुन्या संडासाकडे जाताना घसरून त्यांचा गुडघा दुखावला होता. तरी घरातल्या संडासाला त्या तयार होईनात. स्वयंपाकघरात वास येईल, हे त्यांचं पालुपद.

"आई, वास आला तर माज्या हातानं फोडून टाकीन," असा बहिरूने छातीठोक शब्द दिला, तेव्हा कुठे त्या राजी झाल्या.

संडास झाला, भाकरीही गोड लागली आणि चार महिने बरे गेले. मग शेठचा निरोप आला, वास सुटलाय आणि आई पुन्हा काठी टेकत परसात जातायत. म्हातारी पुन्हा पडली तर काय, या विचाराने बहिरू तसाच लुनावर टांग टाकून निघाला.

माडीवरच्या बाथरूममध्ये बादली ओतायला लावून तो खाली संडासात कान देऊन बसला. गुडगुड झाली आणि वास अडवणारं भांड्याखालच्या वाकातलं पाणी सर्रकन ओढलं गेलं. हवेच्या पाईपाला वरून हवा मिळत नव्हती. गच्चीवर जाऊन बघतो तर पाईपाच्या तोंडाला चौपदरी पांढरं फडकं बांधलेलं, धुळीने आणि दवाने पार कडक झालेलं. असलंच फडकं शेठच्या घरात पाणी गाळायला होतं.

आपल्या पाईपाला कुणी हात लावला की बहिरूच्या तोंडाचा पट्टा सुटायचा. ते फडकं घेऊन तो तणतणत खाली आला.

"आई, ह्ये कुणी बांधलं?"

"मीच सुनेला सांगितलं," उगमबाई म्हणाल्या. "चिमणीचं पिल्लू आत पडलं तर? बिचाऱ्याला वर कोण काढणार?"

बहिरूची शिवी ओठातच राहिली. स्वतःला धड चालता येईना आणि काळजी कुणाची, तर पिल्लाची! त्याला म्हातारीची भारी माया आली.

"पाखरू बी पडणार न्हाई आन हवा बी जाईल, आसं करतो," म्हणत त्याने पाईपावर जाळीची टोपी बसवली. चार बादल्या ओतून झाल्या. मग तो भाकरी घेऊन आत बसला. शेठच्या घरी कांदा चालत नाही म्हणून भाकरी कोरडीच होती.

दारावर टकटक झाली. संडासाच्या बाजूला अन्नाचा कणही नेऊ न देणाऱ्या उगमबाई हातात बेसनाच्या गट्ट्यांच्या भाजीची वाटी घेऊन उभ्या होत्या.

"कोरडी खाऊ नको," त्या म्हणाल्या. "आणि आटप लवकर, बहिरू. मला आत जायचंय."