आजोबांचे डोळे

सातवीत शाळा सोडून मी रत्नागिरीकडून नागपुरात आलो आणि एका संत्र्याच्या गोदामात चिकटलो. मागची खोली मिळाली, मालकीणबाईंच्या हातची भाकर मिळाली. हे सगळं जाईल या धास्तीनं मी गोदामातल्या मांजरालाही वाट करून द्यायचो.

काम सोपं. हिरवट, घट्ट फळ कलकत्त्याच्या पेटीत, पूर्ण पिकलेलं सीताबर्डीच्या हातगाड्यांसाठी. अडचण एवढीच, की मला दोन्ही एकाच रंगाची दिसायची. म्हणून माझ्या शेजारी निवडायला बसणाऱ्या मावशींना मी म्हणायचो, "तुम्ही निवडा, मी पेट्या भरतो." त्यामुळे कष्टाळू म्हणून माझं नाव झालं.

मावशी लेकीच्या बाळंतपणाला गेल्या आणि मी एकट्यानं निवड केली. आठवड्यानं कलकत्त्याहून तार आली: माल सडला.

"काहून गा, पिकलेली तिकडं धाडली अन् हिरवी बर्डीवर? झोपून निवडत होता का?" मालकांनी विचारलं.

मी खरं सांगून टाकलं. ते मला धंतोलीत डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी रंगीत ठिपक्यांचं पुस्तक उघडलं. ठिपक्यांत आकडा होता म्हणे. मी घाबरून "सात" म्हटलं. त्यांनी पान उलटलं.

"आईचे वडील असेच होते का?"

मला आठवलं, आजोबा कोकमं नेहमी कच्चीच काढून आणायचे आणि आजी त्यांना वेंधळे म्हणायची.

"हे बापाकडून मुलाकडे जात नाही," डॉक्टर म्हणाले. "मुलीकडे जातं. तिला स्वतःला नीट दिसतं, पण तिच्या मुलात ते उतरू शकतं. औषध नाही."

म्हणजे आजोबांची आंब्याची कलमं मामाला आणि डोळे मला. वाटणीत माझ्या हिश्शाला कुणी हरकत घेतली नव्हती.

रिक्षात मी मालकांना म्हणालो, "आज सामान बांधतो."

"सामान बांधाले काय झालं? पेटीवर खिळे ठोकाले रंग लागते का? अन् फळ लहान का मोठं, ते तर दिसते ना तुले?"

दिसत होतं. पहिल्याच दिवशी खिळ्याऐवजी अंगठा ठोकला, त्यात आजोबांचा काही दोष नव्हता.

त्या रविवारी आईला पत्र लिहिलं, काम बदललं, बढतीच समज. डोळ्यांचं लिहिलं नाही. तिनं स्वतःलाच बोल लावला असता, आणि इथं तर मला कुणी कामावरून काढलंही नव्हतं.