मांजराच्या बाटलीतल्या पेशी

प्रयोगशाळेत सगळे तिला आत्या म्हणत. भांडारात काम करणारा तिचा भाचा म्हणायचा, म्हणून बाकीचेही म्हणू लागले; तिच्याहून सहा वर्षांनी मोठा वॉचमनसुद्धा. एकतीस वर्षं तिचं काम एकच, काचेच्या बाटल्यांतल्या जिवंत पेशी जगवणं. एका बाटलीत माणसाच्या, दुसरीत माकडाच्या, तिसरीत मांजराच्या. दर दोन दिवसांनी जुनं पाणी काढायचं, ताजं गुलाबी खाद्य घालायचं. त्यात सणवार नाही की दुखणंखुपणं नाही. "पोटच्या पोरांना इतकं जपलं असतं तर!" असं सून टोमणा मारायची, आणि ते अगदीच खोटं नव्हतं.

माणसाची प्रतिकारशक्ती पोखरणारा विषाणू मांजराच्या पेशीत शिरत नाही. ज्या खुणेला धरून तो आत जातो, ती खूण मांजराच्या पेशीवर त्याला हवी तशी नसते. मांजरांना छळणारा विषाणू वेगळा. पण आत्याच्या बाटलीत माणसाचा विषाणू मांजराच्या पेशींत शिरला होता, सात वेळा. प्रयोगशाळेच्या प्रमुख असलेल्या मॅडमच्या सहा वर्षांच्या कष्टांचं चीज झालं होतं. आता सोमवारी बारा मांजरांना तो टोचायचा होता.

आत्याला शंका आली ती पेशींच्या वाढीवरून. मांजराच्या पेशी नखरेल. वाढवता वाढत नाहीत. या मात्र चार महिने फोफावत होत्या, आणि ती स्वतःचीच पाठ थोपटत होती. मग तिने गोठवून ठेवलेली दोन वर्षांपूर्वीची कुपी काढली, त्या पेशी गुपचूप वाढवल्या आणि त्यांच्यावर विषाणू घातला. गुरुवारी निकाल कळला. एकाही पेशीत तो शिरला नव्हता.

तिला चार महिन्यांपूर्वीची एक दुपार आठवली. माणसाच्या आणि मांजराच्या पेशी एकाच टेबलावर, खाद्याची बाटली एकच. नियम तिनेच सगळ्यांना शिकवलेला, एका वेळी एकच जात. पण हात इतका बसलेला, की नियम आता इतरांसाठी उरला होता. माणसाच्या पेशींचा एखादा थेंब मांजराच्या बाटलीत गेला, आणि त्यांनी भराभर वाढून मांजराच्या पेशी पार गिळून टाकल्या.

निवृत्तीला आठ महिने होते. शुक्रवार तिने गप्प राहून काढला. सोमवारी सकाळी मात्र थेट मॅडमसमोर उभी राहिली आणि सगळं सांगितलं.

मॅडम म्हणाल्या, "तुमच्या हातावर मी डोळे मिटून विश्वास ठेवला, आत्या."

"टोचू नका मांजरांना. माझं काय करायचं ते करा."

"शनिवारीच टोचली. प्राणिगृहाच्या डॉक्टरांना आज रजा हवी होती."

आत्याने विचारलं, "पण त्यांना काही होणार नाही ना?"

"काही होणार नाही. पण टोचलेलं जनावर इथून जिवंत बाहेर जात नाही. नियम आहे."

मॅडमनी शोध मागे घेतला. आत्याला बाटल्या धुण्याच्या खोलीत पाठवलं. तिने एकच मागणी केली, आणि ती मान्य झाली. दोन आठवड्यांनी ती प्राणिगृहात गेली आणि एकेक मांजर मांडीवर धरून बसली. डॉक्टर सुई देत होते. धरण्यात ती वाकबगार होती. एकाही मांजराने ओरखडा काढला नाही.

"आत्या," बाराव्या वेळी डॉक्टर हळूच म्हणाले, "सोडा आता. गेलं ते."