सोळा ठिपक्यांची पट्टी

पानिपतला मी बारा वर्षं चादरींचे नमुने काढले. ग्राफच्या कागदावर एक चौकोन म्हणजे एक धागा. व्यापारी नमुना बघायच्या आधीच नाक मुरडायचा. मी दुप्पट सांगायचो, तो निम्म्यावर यायचा, चहा व्हायचा आणि जिथे दोघांना थांबायचं असे तिथेच आम्ही थांबायचो. हे मला कोणी शिकवलं नाही. शिकवायला होतं कोण?

पुढे नोएडातल्या एका कंपनीत मोबाइलवरच्या शुभेच्छा रंगवायचं काम मिळालं. तिथल्या कॉलेजात शिकलेल्या पोरांना एवढ्याशा पडद्यावर काय मावतं ते कळेना. मला कळत होतं. तो पडदाही ग्राफच, धाग्यांच्या जागी ठिपके. दिवाळीसाठी मी ‘शुभ दीपावली’ काढलं. वरच्या रेषेला तोरणाच्या दोरीसारखा मधोमध झोल दिला, अक्षरं तिला पानांसारखी लोंबवली आणि ‘शु’चा उकार पणतीसारखा खाली ठेवला. त्याआधी फोनवर हिंदी अक्षरं असायची ती चिरडलेल्या मुंग्यांसारखी. माझी अक्षरं हलतायत असं वाटायचं. ती लोकांच्या फोनवर जायला हवी होती. दुसरं मला काही नको होतं.

आमचा मॅनेजर माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, टाय लावणारा. पडद्याची आखणी त्याच्या हातात. मजकुराला त्याने बारा ठिपके उंचीची पट्टी ठेवली होती, इंग्रजीला पुरेल एवढी. मला सोळा हवे होते. मी चोवीस मागितले. वर कंपनीचं नाव एवढं मोठं कशाला, खाली बटणांची नावं कोण वाचतो, असं बरंच सुनावलं. तो ऐकून घेत होता. मग वहीत काहीतरी लिहून म्हणाला, “चौबीस तो नहीं हो पाएगा, सर.”

मी उठून बाहेर आलो. उठून गेल्यावर मागून हाक येते, हा बाजाराचा नियम. दोन दिवस मी त्याच्या केबिनवरून मुद्दाम सावकाश जात राहिलो. हाक आली नाही. तिसऱ्या दिवशी पडदा तयार झाला: इंग्रजी अक्षरांत ‘शुभ दीपावली’, बारा ठिपक्यांत, बाजूला कुठूनतरी उचललेली पणती.

घरी येऊन मी त्याचा उद्धार केला. बायको भाजी निवडता निवडता थांबली. “अहो, त्याच्याशीपण भाव केलात? त्याला काय माहीत तुम्हाला किती हवेत ते.”

तिच्यावरही ओरडलो. पण सकाळी जाऊन त्याला सोळा सांगितले. आयुष्यात पहिल्यांदा मी खरा आकडा आधी बोललो होतो.

“सोलह तो मैं उसी दिन दे देता, सर. अब तो भेज दिया.”

मग त्या दिवशी विचारलं का नाही, म्हणून मी टेबलावर हात आपटला. तो खरोखर गोंधळला. म्हणाला, आपने चौबीस कहा था, मैंने मान लिया.

मान लिया! समोरचा माणूस पहिला आकडा बोलला आणि याने तोच खरा मानला. एका शब्दाने विचारलं असतं, थोडं कमी चालेल का, तर तिथल्या तिथे मिटलं असतं. एवढंही ज्याला सुचत नाही त्याला केबिन कोण देतं?

त्या दिवाळीला नातेवाइकांनी मला तीच शुभेच्छा पाठवली. तुमच्याच कंपनीची ना, छान आहे, असं कौतुकही केलं. मी एकालाही उत्तर दिलं नाही.