दादाच्या कॉइली

१६ नोव्हेंबर २०२५, रविवार, सकाळी सात वाजून दहा मिनिटे. माझ्या वहीत या वेळेसमोर दोन आकडे आहेत: ०.८ ओहम आणि पाच मिनिटे एकवीस सेकंद. पहिला आकडा दादाने आदल्या दिवशी गुंडाळलेल्या तारेचा आहे आणि दुसरा खुद्द दादाचा. दोहोंपैकी तार अधिक भरवशाची होती.

दादा माझा सख्खा थोरला भाऊ. लातूरला घरीच राहून तो पोलीस भरतीची तयारी करत होता. भरतीत सोळाशे मीटर धावावे लागते आणि पाच मिनिटे दहा सेकंदांच्या आत पोहोचणाऱ्यालाच त्याचे पूर्ण गुण मिळतात. लेखी परीक्षेत दादाने आजवर कधी चमक दाखवली नव्हती, त्यामुळे त्याचा एकेक गुण मैदानावरच गोळा व्हायचा होता, आणि वयाच्या अटीत बसणारी ही त्याची शेवटची भरती होती. मी तेव्हा नांदेडला भौतिकशास्त्राच्या एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षात होते. दर दुसऱ्या शनिवारी एसटीने घरी यायचे आणि रविवारी सकाळी मैदानावर घड्याळ घेऊन उभे राहायचे, हे काम अप्पांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, माझ्यावर सोपवले होते. दादा स्वतःची वेळ स्वतः सांगे तेव्हा ती नेहमी पाच मिनिटे नऊ सेकंदच भरे, आणि एवढा सातत्याने धावणारा मुलगा आपल्याला झाला असेल यावर अप्पांचा विश्वास बसत नव्हता.

त्याच्या भरती अकादमीतल्या एका मित्राने हैदराबादहून ई-सिगारेटचे यंत्र आणले होते. दादाने ते त्याच्याकडून विकत घेतले. या वस्तूवर देशात बंदी आहे. म्हणजे कायद्याने बंदी असलेली वस्तू ट्रॅकपँटच्या खिशात घालून हा मनुष्य कायद्याचा रक्षक होण्यासाठी रोज पहाटे घाम गाळत होता. मी हे त्याला एकदा ऐकवले, तेव्हा आपण अजून भरती झालेलो नाही याची त्याने मला आठवण करून दिली. त्याच्या मते हा मुद्दा बिनतोड होता.

यंत्राची रचना अगदी सामान्य आहे. आत तारेचे एक छोटे वेटोळे असते, त्याला ही मंडळी कॉइल म्हणतात. वेटोळ्यातून कापसाची वात ओवलेली असते आणि ती सुगंधी द्रवात भिजत राहते. बॅटरीने तार तापली की द्रवाची वाफ होते आणि ती ओढायची. आठ-दहा दिवसांत कॉइल जळून काळी पडते. आंब्याच्या वासाच्या द्रवाच्या बाटल्या कुठून तरी पार्सलने येत, पण तयार कॉइली लातुरात मिळेनात. मग या दोघांनी त्या घरी बनवायचे ठरवले.

आमच्या अप्पांचे मोटारी भरायचे दुकान आहे. शेतकऱ्यांच्या विहिरींवरच्या जळालेल्या मोटारींना नवी तार गुंडाळून देणे हाच त्यांचा तीस वर्षांचा धंदा. दादा त्या दुकानात दोन वर्षे बसला होता. तेव्हा तारेचे वेटोळे घालण्याची विद्या घरातच होती, असे कोणालाही वाटेल. दादालाही वाटले. त्याने दुकानातली तांब्याची तार उचलली, दाभणावर गुंडाळली आणि यंत्रात बसवली. तांब्याचा विजेला होणारा विरोध इतका कमी असतो की यंत्राने ती कॉइल ओळखायलाच नकार दिला. त्यांनी तीनदा तेच केले आणि तिसऱ्यांदा बॅटरी बनावट असल्याचा निष्कर्ष काढला. मोटार भरणाऱ्याच्या मुलाला तांबे वीज वाहून नेते आणि विजेच्या शेगडीची तार तापते एवढे ठाऊक नसावे, याचे मला आश्चर्य वाटले नाही. आश्चर्य वाटले ते त्याच्या आत्मविश्वासाचे.

शेवटी भंगारातल्या एका जुन्या शेगडीची तार मिळाली आणि दादा माझ्याकडे आला, कारण विरोध मोजायचे मीटर माझ्याजवळ होते.

"सायंटिस्ट, बघ की जरा. किती हाय?"

मी मोजले. इथे मला माझाही हिशेब मांडला पाहिजे. नकार देणे सोपे होते. पण तारेची लांबी, जाडी आणि विरोध यांचे नाते समजावून सांगण्याची संधी मला घरात फार क्वचित मिळे. मी त्याला कागदावर गणित करून दिले, किती वेढे घालायचे ते सांगितले, आणि त्याच्या पुढच्या कॉइलचा आकडा माझ्या गणिताशी जुळला तेव्हा मला आनंद झाला. ज्या मूर्खपणाची मी मनातल्या मनात टर उडवत होते, त्याला अचूक मोजमाप मीच पुरवले.

तारेचा प्रश्न सुटल्यावर वातीचा आला. औषधाच्या दुकानातला कापूस ते आधी वापरत. मित्राने कुठेतरी पाहिले की तो कापूस रसायनाने पांढरा केलेला असतो, आणि अचानक दोघांना स्वतःच्या प्रकृतीची काळजी वाटू लागली. बंदी असलेल्या द्रवात काय मिसळले आहे हे विचारावेसे न वाटलेल्या या दोन महाभागांनी कापसाच्या शुद्धतेवर आठवडाभर चर्चा केली. मग दादाला उत्तर सापडले आणि ते स्वयंपाकघराच्या फडताळात होते.

आईने त्या वर्षी महादेवाला लाख वाती बोलल्या होत्या. शेतातला कापूस, स्वतःच्या हाताने सरकी काढलेला. रोज दुपारी ती वाती वळत बसे, शंभरांची जुडी बांधे आणि पत्र्याच्या डब्यात ठेवे. महाशिवरात्रीला त्या वाहायच्या होत्या. नवस दादाच्या भरतीसाठी होता. त्या डब्यातून दादा वाती काढू लागला.

१४ डिसेंबरच्या रविवारी त्याची वेळ पाच मिनिटे अडतीस सेकंद आली. शेवटच्या फेरीत तो खोकत होता. महिन्याभरात सतरा सेकंद. कारणे त्याच्याकडे तयार होती: थंडी, मैदानाशेजारच्या डाळ मिलचा भुसा, बुटाचा तळ. मी त्याच्या यंत्रातली जळकी वात मागितली. ती आईची आहे हे तेव्हा मला कळले.

"घरचा कापूस हाय," तो म्हणाला. "शुद्ध. त्यात काय केमिकल?"

मी ती वात आणि डब्यातल्या चार कोऱ्या वाती कागदात बांधून नांदेडला नेल्या. सूक्ष्मदर्शकाखाली कापसाच्या धाग्यांना करडे कण चिकटलेले दिसले, कोऱ्या वातींवरही. शंभर मिलिग्रॅम बाजारचा कापूस जाळला तर वजन करण्याजोगे काही उरले नाही. तेवढ्याच वजनाच्या आईच्या वाती जाळल्या तर सहा मिलिग्रॅम उरले.

उत्तर तराजूला विचारायची गरज नव्हती. मी लहानपणापासून ते पाहत आले होते. वात वळताना कापूस बोटांवरून निसटतो, म्हणून आई अंगठ्याला विभूती लावते. आमच्या घरातल्या सगळ्या बायका लावतात. दादाने हे माझ्याइतकेच पाहिले होते, पण वाती वळणे हे बायकांचे काम, त्यामुळे पाहूनही त्याच्या लक्षात आले नव्हते. शिवाय देवाची वात पीळ घालून घट्ट वळलेली असते. तिच्यात द्रव नीट चढत नाही आणि मधला भाग कोरडाच करपतो. तीन आठवडे तो करपलेला कापूस आणि राख छातीत ओढत होता.

पुढच्या खेपेला मी नाताळच्या सुटीत आठवडाभर घरी आले आणि हे जेवणाच्या वेळी सांगितले. तोवर आईअप्पांना त्या यंत्राचाही पत्ता नव्हता. दादाचा मित्र जेवायला होता. माझे सांगून झाल्यावर तो म्हणाला, "काकू, महादेवच आत गेला की याच्या. आता काय भ्या हाय." कोणी हसले नाही, हे त्याला उशिरा कळले.

अप्पांनी ताटातून मान वर केली नाही. "दोन वर्षं दुकानात बसला, एक मोटार धड भरली न्हाई," ते म्हणाले. "आन् घरात बसून दाभणावर तार गुंडाळून राहिला."

आईने मात्र दादाला एकच गोष्ट विचारली: किती घेतल्या. दादा म्हणाला, दीडशे असतील. तिने भाकरी वाढली आणि म्हणाली, "मग दीडशे तू वळायच्या. जेवण झाल्यावर बस."

तो बसला. त्याच्या पहिल्या वाती मधेच सुटत, आई त्या उलगडून कापूस पुन्हा त्याच्या हातात देई. तिसऱ्या दिवशी तिने पहिली जुडी बांधून घेतली. त्याचा अंगठा विभूतीने पांढरा झाला होता. हे दृश्य पाहून मला दया यायला हवी होती, असे पुढे काहींनी सुचवले. ती आली नाही. ज्या बाईने त्याच्यासाठी लाख वाती बोलल्या, तिच्याच डब्यातून त्याने चोरी केली, आणि ती चोरीसुद्धा त्याला नीट साधली नव्हती.

मीटर विद्यापीठातल्या विभागाचे होते, ते मी परत केले आणि पुन्हा कॉइल मोजली नाही. दादाने यंत्र मित्राला परत दिल्याचे शपथेवर सांगितले. शपथेवर माझा विश्वास नाही, म्हणून मी धावण्याचेच आकडे लिहीत राहिले. जानेवारीच्या सुरुवातीला पाच मिनिटे सत्तावीस. त्यानंतर पाच मिनिटे एकोणीस. खोकला गेला. महिनाअखेर पाच मिनिटे सोळा आले आणि त्याच सकाळी त्याच्या जॅकेटला पिकलेल्या आंब्याचा वास आला. जानेवारीत लातुरात पिकलेला आंबा कोठेही नसतो. मी आकडा वहीत लिहिला. चाचणीपर्यंतच्या पंधरा दिवसांत किती सेकंद कमी होतील याचे गणित माझे झाले होते आणि त्यात आणखी एक अज्ञात संख्या आत्ताच शिरली होती.

फेब्रुवारीत मैदानी चाचणी झाली. नातेवाइकांना आत सोडत नव्हते. आई आणि मी फाटकाबाहेर कडुलिंबाखाली उभ्या होतो. दादा दुपारी बाहेर आला, छातीवरचा क्रमांक त्याने काढून हातात चुरगाळला होता. आईने विचारले, चांगलं झालं का. तो हो म्हणाला आणि पाण्याची बाटली घेऊन दूर जाऊन बसला. मी त्याच्यामागे गेले आणि आकडा विचारला. दुसरे काहीच विचारले नाही. त्याने माझ्याकडे न पाहता सांगितला. मी वही काढून तो लिहिला: पाच मिनिटे बारा सेकंद.