सासूबाईंना काय आवडतं?

माझ्या सासऱ्यांइतकं बायकोवर प्रेम करणारा आणि ते तिला अजिबात कळू न देणारा माणूस उभ्या अंबरनाथ पूर्वेत सापडायचा नाही. कारखान्यातून अधिकारी म्हणून निवृत्त झाले. अधिकार तेवढा घरी घेऊन आले. बायकोशी थेट बोलणं म्हणजे त्यांना भर बाजारात बनियनवर फिरण्यासारखं वाटतं. सासूबाई खोकल्या तर हे उठून खिडकी लावतात आणि वर ओरडतात, "वाऱ्याचा मला त्रास होतो!" शेजारीच बसलेल्या सासूबाईंना चहा हवा का, हेसुद्धा मलाच विचारायला लावतात, "विचार तिला." त्याही मलाच सांगतात, "म्हणावं, घेईन." उल्हासनगरला कॅम्प एकमध्ये घाऊक कपडे घेताना मी भल्याभल्या व्यापाऱ्यांना घाम फोडते, कात्रप भागातलं माझं कपड्यांचं दुकान त्यावरच उभं राहिलं. घरी मात्र मी नुसती मधली दलाल. त्या दुकानाची पायरी बाबा, म्हणजे सासरे, आजवर चढलेले नाहीत. तो माझा राग आहेच.

मध्यंतरी सासूबाईंना टायफॉइड झाला. ताप उतरला, पण अन्न जाईना. डॉक्टर म्हणाले, "पोटात काही गेलं नाही तर ॲडमिट करावं लागेल. आवडीचं द्या. काय आवडतं यांना?"

सासरे ताठ उभे. मग माझ्याकडे पाहू लागले.

"मला काय बघता, बाबा? संसार तुमचा."

सासूबाई पुटपुटल्या, "यांना चालेल ते करा."

माझं डोकं सणकलं. "आई, पुन्हा यांचं नाव काढलंत तर मी गॅस पेटवणार नाही!"

दुसऱ्या दिवशी सकाळी सासरे दोन पिशव्या भरून आले. मंडईतली प्रत्येक भाजी थोडी थोडी. पलंगावर वर्तमानपत्र पसरून त्यांनी ती मांडली, माल तपासणीला ठेवतात तशी. "विचार तिला."

"आज दलाल सुट्टीवर," म्हणत मी दारातच उभी राहिले.

त्यांनी घसा खाकरला. "हे बघ... यातलं काय आवडतं तुला?"

सासूबाईंचा हात वांग्याकडे गेला, सासऱ्यांच्या आवडीच्या, आणि मध्येच थांबला. मग त्यांनी कारलं उचललं. सासऱ्यांना खपत नाही म्हणून जे या घरात कधी शिजलंच नव्हतं. "आई करायची, गूळ घालून," त्या चोरी पकडली गेल्यासारख्या म्हणाल्या.

दुपारी त्यांनी अख्खी पोळी खाल्ली. समोर सासरेही कारलं गिळत होते.

"फार कडू आहे का हो?"

"आहे. तू खा."

मग त्यांनी विचारलं, "आणखी काय करायची तुझी आई?" सासूबाई सांगू लागल्या, बघायच्या कार्यक्रमातल्या मुलीसारख्या, थांबत थांबत. मी स्वयंपाकघरात गेले. एवढी वर्षं फुकट गेली म्हणून मला कुणाशी तरी कडाडून भांडायचं होतं. कुणाशी, तेच कळेना.