पडद्यातला वारा

रावेतच्या ज्या हॉलमध्ये मी फरशी पुसते, तिथे एक माणूस रोज मोठ्या पडद्यावर गोल्फ खेळायला येतो. पडद्यात परदेशातलं समुद्रकाठचं मैदान असतं; इथून मारलेला चेंडू पडद्याला आपटतो आणि पुढे चित्रात उडत जातो. हा मात्र हॉलमध्ये बोट ओलं करून वारा बघतो आणि आधी पंखा बंद करायला लावतो. काल त्याचा चेंडू पडद्यातल्या समुद्रात गेला, तसा तो मॅनेजरवर ओरडला, “राव, ही बाई मागून गेली म्हणून वारा फिरला! हिला काढा, नायतर मी न्हाई यायचो.”

नोकरी जाईल म्हणून मी मान खाली घालून माफी मागितली. मॅनेजरने मला दाराबाहेर उभं केलं. काचेतून बघितलं, तर पुढचे तिन्ही चेंडू समुद्रातच गेले. असल्या माणसाची मी माफी मागितली, याचीच लाज वाटते.